वर्डच्या पलीकडे: मराठीत लिहायला कोणतं सॉफ्टवेअर निवडाल?

मागच्या पावसाळ्यात, म्हणजे चेन्नईच्या पावसाळ्यात (इथे तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो), मामाने मला एक फाइल पाठवली. सोबत एवढाच मेसेज: "आजोबांचं पुस्तक. उघडतंय का बघ."

आजोबा पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी दोन वह्या भरून आठवणी लिहिल्या आणि 2004 मध्ये गावाकडच्या एका डीटीपी सेंटरमधून त्या टाइप करून घेतल्या. पुस्तक काही निघालं नाही. वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या आणि आजोबाही गेले. उरली ती एका सीडीवरची फाइल.

मी फाइल उघडली. 112 पानं होती आणि त्यात मराठी अक्षर एकही नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. आजोबांचं अख्खं आयुष्य कुणीतरी मिक्सरमधून काढावं तसं.

मी पोटापाण्यासाठी दिवसभर लिहिते. इंग्रजीत बी.ए. केलं, आता कंटेंट रायटर आहे. तरी "आपण कशात लिहितो" हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. कॉम्प्युटर घेतला की त्यात वर्ड असतं, वर्ड उघडायचं आणि लिहायचं. त्या फाइलने मला हा प्रश्न विचारायला लावला. पुढचे दोन महिने मी जे शिकले, ते तुमच्याही उपयोगी पडेल असं वाटतं. तुम्ही शाळेचा प्रकल्प लिहीत असा, कविता, सासूबाईंच्या पाककृती किंवा स्वतःची पहिली कादंबरी.

आधी अक्षर, मग सॉफ्टवेअर

त्या फाइलला झालं होतं काय? युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंगसाठी एक युक्ती वापरली जायची. कॉम्प्युटरच्या दृष्टीने फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असायची, फक्त फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट तुमच्याकडे असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर सगळी भेसळ. श्रीलिपी, आकृती, शिवाजी ही नावं जुन्या डीटीपीवाल्यांना तोंडपाठ असतील. मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नपत्रिका कित्येक वर्षं अशाच फॉन्टांवर निघाल्या. छपाईसाठी ती सोय उत्तम होती. पण कागदावर उतरलेला मजकूर सुरक्षित राहिला आणि फाइल मात्र फॉन्टची ओलीस राहिली.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. 'क' हा सगळ्या फोनवर, सगळ्या कॉम्प्युटरवर 'क'च. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. मराठीला हवा असलेला 'ॲ' मात्र स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 मध्ये आला. आपली मोडी लिपी 2014 मध्ये दाखल झाली.

म्हणून पहिला नियम: सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे. आज फोनवरच्या मराठी कीबोर्डने तुम्ही जे टाइप करता ते युनिकोडच असतं. जुन्या फाइली मात्र तपासा. घरात एखादी असेल तर ती वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये उघडा, मजकुरावर कर्सर ठेवा आणि वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव वाचा. फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. नाव कळलं की त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर शोधता येतो.

माझ्या 112 पानांचं रूपांतर दहा मिनिटांत झालं. दुरुस्तीला सहा रविवार लागले. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे 'शिक्षक' हा शब्द पन्नास जागी मोडला होता. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले होते.

वर्डचं नेमकं काय चुकतं?

खरं तर काहीच नाही. आपली गरज वेगळी असते, एवढंच. वर्डस्टार 1978 मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचं वर्ड 1983 मध्ये. तेव्हा लिहिण्याचा शेवट एकच असायचा: प्रिंट. म्हणून वर्ड उघडलं की समोर कोरा कागद, त्याची मार्जिन, वर बटणांची लांबलचक पट्टी. अर्ज, पत्र, बायोडेटा, कार्यालयीन अहवाल यांसाठी आजही ते उत्तम.

पण लिहिणं म्हणजे तीन वेगवेगळी कामं असतात. आधी सुचेल तसं उतरवणं, मग त्याची जुळवाजुळव, आणि शेवटी सजावट. वर्ड पहिल्या मिनिटापासून तिसऱ्या कामाची बटणं समोर धरतं. मग पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत आपण फॉन्टचा आकार बदलत बसतो. शिवाय 112 पानांच्या एकाच लांब फाइलमध्ये चौथं प्रकरण उचलून दुसऱ्या जागी न्यायचं म्हणजे माउस धरून कसरत.

प्रत्येक लेखकाची सोय वेगळी असते. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका ज्यांच्या कादंबऱ्यांवर बेतली, ते जॉर्ज आर. आर. मार्टिन आजच्या काळातही डॉसवर चालणारं जुनं वर्डस्टार वापरतात, असं त्यांनीच सांगितलं आहे. त्यांना इंटरनेट नको, आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या नकोत. म्हणून "सर्वांत चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" याला उत्तर नाही. "माझ्या कामाला कोणतं?" याला आहे.

मी काय काय वापरून पाहिलं

गूगल डॉक्स: फोन आणि जीमेल असेल तर वेगळं काही घ्यावं लागत नाही. एकाच फाइलवर घरातली चार माणसं चार गावांतून काम करू शकतात. बाजूला टिप्पणी लिहिता येते आणि जुन्या आवृत्त्याही पाहता येतात. बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी आहे. मात्र सगळं इंटरनेटवर अवलंबून. ऑफलाइनची सोय असली तरी ती आधी चालू करून ठेवावी लागते.

झोहो रायटर: हे आमच्या चेन्नईचं. 1996 मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेल्या कंपनीने 2005 मध्ये हे ऑनलाइन लेखनाचं सॉफ्टवेअर आणलं. 2009 मध्ये कंपनीचंच नाव झोहो झालं. 2025 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचं ऑफिस सूट वापरायला सांगितलं, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. यात वरच्या पट्टीऐवजी साधनं बाजूच्या पॅनलमध्ये असतात आणि ते मिटवता येतं, त्यामुळे समोर फक्त लेखन राहतं. एकट्या माणसासाठी मोफत आहे, फोनचं ॲपही आहे. गूगल डॉक्ससारखं एकत्र काम इथेही होतं. अडचण एकच: घरातल्या सगळ्यांना नवं खातं काढायला लावणं. आमच्या मामाने त्यालाच नकार दिला.

लिबरऑफिस: कॉम्प्युटरवर चालणारं, पूर्ण मोफत, इंटरनेट नसलं तरी अडत नाही. 2010 पासून जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात आणि त्याचे मेनूसुद्धा मराठीत मिळतात. एक खुबी लक्षात ठेवा: यात इंग्रजी आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा ठरतो. आकार बदलूनही मराठी अक्षर तेवढंच राहिलं तर घाबरू नका, देवनागरीसाठीचा वेगळा रकाना शोधा. वर्डमध्येही हाच प्रकार आहे.

स्क्रिव्हनर: कादंबरी किंवा प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी. यात पुस्तक म्हणजे एक लांब फाइल नसते. प्रत्येक प्रसंग हा वेगळा तुकडा असतो आणि तो पत्त्यासारखा उचलून दुसरीकडे लावता येतो. टिपणं, फोटो, संदर्भ शेजारीच राहतात. एकदाच पैसे भरायचे, दर महिन्याला नाही. आधी तीस दिवस मोफत वापरता येतं आणि ज्या दिवशी उघडाल तेवढेच दिवस मोजले जातात. पण अँड्रॉइड फोनवर ते नाही, आणि शिकायला एक आठवडा तरी हवा.

फोकसरायटर: पूर्ण स्क्रीनवर फक्त तुमची ओळ. बाकी सगळं लपतं. मोफत आहे. कविता, डायरी, रोजची दोन पानं यांसाठी छान.

ऑब्सिडियन: साध्या मजकुराच्या फाइली तुमच्याच फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर ठेवणारं ॲप. एका टिपणातून दुसऱ्या टिपणाला दुवा देता येतो. पाककृती, वाचनाच्या नोंदी, वंशावळीची माहिती जमवणाऱ्यांना आवडेल. उद्या ॲप बंद पडलं तरी फाइली कशातही उघडतील, हा मोठा दिलासा.

मराठीची परीक्षा घ्या

कोणतंही सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा घ्या. त्यात हे शब्द टाइप करा: ॲप, ऑगस्ट, दऱ्या, कृष्ण, क्लृप्ती, वाङ्मय, ज्ञानेश्वरी, राष्ट्र. आता पाहा:

1. जोडाक्षरं नीट जुळतात का, की पाय मोडलेली, सुटी दिसतात? 'दऱ्या'मधला अर्धा र आडवा दिसतो का?
2. बॅकस्पेस एकदा दाबल्यावर काना-मात्रा पुसली जाते की अख्खं अक्षर?
3. 'शोधा'मध्ये 'कृष्ण' टाकल्यावर तो सापडतो का?
4. पीडीएफ करून ती फोनवर पाठवा. तिथेही तसंच दिसतं का?
5. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. परिच्छेद, शीर्षकं शाबूत आहेत का?

फॉन्टसाठी पैसे मोजायची गरज नाही. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू', मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त', आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हे सगळे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात.

शुद्धलेखन तपासणीवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'घर' हा शब्द यादीत असतो, पण 'घरासमोरच्यांनासुद्धा' यंत्राला अनोळखी वाटतो आणि त्याखाली लाल रेघ येते. दर दुसऱ्या शब्दाखाली ती दिसू लागली की मन विचलित होतं. पहिला खर्डा लिहिताना मी तपासणी बंदच ठेवते.

तंजावरहून चेन्नईपर्यंत

मधल्या काळात एक गंमत झाली. ऑफिसात शेजारी बसणारी मैत्रीण मी फाइल दुरुस्त करताना पुटपुटत होते ते ऐकून म्हणाली, "हे मला समजतंय की!" ती तंजावर मराठी कुटुंबातली. व्यंकोजीराजांच्या काळापासून तमिळ प्रदेशात राहिलेले मराठी लोक. घरात दक्षिणी मराठी बोलतात, पण तिला देवनागरी वाचता येत नाही. तिची आजी मराठी पत्र तमिळ लिपीत लिहायची.

याच तंजावरात बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. सरफोजीराजांनी लगेच पुढच्या काळात देवनागरी छापखाना काढला आणि 1806 मध्ये तिथे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं, 'बालबोध मुक्तावली'. दगड, शाई आणि आता फोन. माध्यम प्रत्येक पिढीने निवडलं आहे. जे नीट निवडलं, ते आपल्यापर्यंत आलं.

मैत्रिणीला आजोबांचं लेखन वाचायचं होतं. लिपी येत नसल्याने मी तिला फोनवर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय लावून दिली. अँड्रॉइडमध्ये ती मराठीत आहे. तिने कानात इअरफोन घातले आणि लोकलमध्ये तांबरमपर्यंत आजोबांची शाळा ऐकली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. युनिकोड झाल्यामुळेच फोन ते वाचू शकत होता. जुन्या फाइलवर त्याने डॉलर आणि कंस वाचले असते.

आजीने केलेली दुरुस्ती

आमची आजी 82 वर्षांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही. दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा तिच्या उशाशी फोन ठेवला आणि कोयनेच्या भूकंपाचं प्रकरण लावलं. 11 डिसेंबर 1967ची पहाट. आजोबांनी लिहिलं होतं की जमीन हलली तसे ते दोघं बाळाला घेऊन अंगणात धावले, मागे स्वयंपाकघराची भिंत कोसळली.

आजी ऐकत होती. भिंत कोसळली तिथे तिने हात वर केला. "थांबव गं."

मी थांबवलं.

"हे नव्हते त्या रात्री. कऱ्हाडला गेले होते कामाला. मी एकटीच होते, तुझ्या मामाला घेऊन."

मला काही सुचेना. "मग आजोबांनी असं का लिहिलं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथं असायला हवं होतं असं वाटत राहिलं असेल त्यांना. जन्मभर."

मी विचारलं, खोडून दुरुस्त करू का? तर म्हणाली, "त्यांचं खोडू नकोस. माझं वेगळं लिही."

सॉफ्टवेअर निवडण्याचा माझा प्रश्न त्या क्षणी सुटला. मला तीन गोष्टी हव्या होत्या: आजोबांचा मूळ मजकूर तसाच राहावा, आजीला बोलून लिहिता यावं, आणि मामा, आई, मी अशा तिघांना ते आपापल्या गावातून पाहता यावं. त्यामुळे आमच्या घरासाठी गूगल डॉक्स. आजोबांच्या परिच्छेदाशेजारी एक टिप्पणी आणि शेवटी नवं प्रकरण. आजी बोलते, फोन लिहितो. तो 'भुई'ला 'भाई' करतो, मी ते रात्री दुरुस्त करते. पुस्तकाची अंतिम मांडणी लिबरऑफिसमध्ये करणार आहे.

तुमची गरज वेगळी असेल तर निवडही वेगळी असू द्या. थोडक्यात सांगायचं तर:

• घरातल्या अनेकांनी मिळून लिहायचं असेल: गूगल डॉक्स किंवा झोहो रायटर.
• इंटरनेट कमी, छपाई महत्त्वाची: लिबरऑफिस.
• मोठी कादंबरी, प्रबंध: स्क्रिव्हनर.
• रोजची दोन पानं, कविता: फोकसरायटर.
• सुट्या नोंदींचा साठा: ऑब्सिडियन.
• कार्यालयाने वर्डची फाइलच मागितली असेल: लिहा कशातही, शेवटी डॉक्स फाइल करून द्या.

जाता जाता, तीन सवयी

पहिली: महत्त्वाच्या लेखनाच्या तीन प्रती ठेवा. एक फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर, एक ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्या कुणाच्या घरी.

दुसरी: दर दिवाळीला साफसफाई करताना जुन्या फाइली एकदा उघडून पाहा. उघडत नसेल तर तेव्हाच कळेल, वीस वर्षांनी नाही.

तिसरी: प्रत्येक लेखनाची एक प्रत साध्या मजकुराची ठेवा. त्यात ठळक अक्षर नसेल, रंग नसेल, पण ती कुठेही उघडेल.

आजीचं प्रकरण सात पानांचं झालं आहे. परवा फोनने तिचंच लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाली, "आवाज कुणाचा आहे गं हा? बाईचे उच्चार बरे आहेत." मग जरा थांबून, "त्यात एक राहिलं. शेजारच्या काकूंनी चहा करून दिला होता, उजाडल्यावर. ते घाल."

मी फाइल उघडली आणि तिच्यासमोर फोन धरला.